वायफायचा माग काढणारी डबी : प्रवाशाने ती विकत घ्यावी काय?

केजच्या किंवा बीडच्या एस.टी. स्थानकावर गाडीची वाट पाहत बसलेल्या माणसाच्या मोबाइलवर वायफायची खूण उमटते, तिच्या सर्व कमानी भरलेल्या दिसतात, यादीत चार-सहा नावेही ओळीने येतात; आणि तरीही परीक्षेचा निकाल असो, तिकिटाचे आरक्षण असो की घरी धाडावयाचा एखादा निरोप असो, एकही काम पुढे सरकत नाही, हा अनुभव आता इतका सार्वत्रिक झाला आहे की त्यामागील कारण विचारण्याचीही कोणास गरज वाटत नाही. वस्तुतः ते कारण समजून घेण्याजोगे आहे, कारण त्यावरच एका व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे. किल्ल्यांच्या जुडग्यास अडकविता येईल एवढी लहानशी डबी, जिचे बटण दाबताच आसपास वायफाय आहे की नाही हे दिव्यांनी किंवा छोट्या पडद्यावर कळते, ती प्रवाशांसाठी म्हणून गेली वीस वर्षे विकली जात आहे. केज तालुक्यातील नांदूरघाटासारख्या गावाहून पुण्यास अथवा लातुरास शिक्षणासाठी, परळी-अंबाजोगाईस देवदर्शनासाठी, किंवा दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी मुलूख सोडून निघणाऱ्या माणसाने अशा डबीवर कष्टाचा पैसा खर्च करावा काय, याचा निवाडा करावयाचा तर ती डबी काय ऐकते आणि काय ऐकू शकत नाही, हे प्रथम पाहिले पाहिजे.

लहर निघते, पसरते आणि अडते

वायफायचा सारा कारभार रेडिओलहरींवर चालतो. घरात, दुकानात किंवा कचेरीत बसविलेले राउटर नावाचे यंत्र एका बाजूने तारेने किंवा मोबाइलच्या टॉवरमार्फत इंटरनेटशी जोडलेले असते, आणि दुसऱ्या बाजूने ते भोवतालच्या उपकरणांशी रेडिओलहरींच्या द्वारे देवघेव करते. या लहरींचे दोन पट्टे मुख्यत्वे वापरात आहेत : पहिला २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदास सुमारे २४० कोटी कंपनांचा, आणि दुसरा ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. पहिल्या पट्ट्यातील लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर, तर दुसऱ्यातील सुमारे सहा सेंटीमीटर भरते. रेडिओलहरींच्या वापरास एरवी सरकारचा परवाना लागतो. परंतु अल्प शक्तीच्या यंत्रांसाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारत सरकारने २००५ साली विनापरवाना खुला केला, आणि त्यानंतरच आपल्याकडे घरोघरी राउटर बसविणे सुलभ झाले.

मोकळ्या जागेत या लहरींचा जोर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जातो. अंतर दुप्पट झाले की हाती येणारा जोर चौथाई उरतो. वाटेत भिंत असेल तर ही घट आणखी वाढते, आणि भिंत कशाची आहे यावर ती किती वाढेल हे ठरते. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांच्या, दगड व पांढऱ्या मातीने रचलेल्या दोन-अडीच हात जाडीच्या भिंती उन्हाळ्यात जसा गारवा राखतात, तशाच त्या या लहरीही बऱ्याच अंशी शोषून घेतात, आणि पावसाळ्यात माती ओलावली म्हणजे हे शोषण अधिकच होते. पत्र्याच्या खोलीची गोष्ट निराळी आहे. पत्रा लहर शोषून न घेता माघारी परतवितो, त्यामुळे बंद पत्र्याच्या खोलीत बाहेरची लहर पोहोचणे कठीण होते, तर उघड्या दारा-खिडकीतून ती सहज आत येते. एकाच अंगणात दोन पावले इकडे-तिकडे सरकल्याने वायफाय मिळते किंवा तुटते, याचे कारण हेच. मानवी शरीरात पाण्याचा अंश मोठा असल्यामुळे खच्चून भरलेल्या एस.टी.तील माणसांची दाटीदेखील लहरींना अडथळा करते.

राउटरची दवंडी

लहर हवेत आहे हे मोबाइलला कळते कसे? याचे उत्तर ज्यांनी गावात दवंडी ऐकली आहे त्यांना चटकन उमगेल. हलगी वाजवीत दवंडीवाला चावडीपासून निघे, चौकाचौकात थांबे आणि हुकूम पुकारी. त्याचप्रमाणे प्रत्येक राउटर, कोणी ऐकत असो वा नसो, सेकंदास सुमारे दहा वेळा एक लहानसा संदेश चहूकडे पाठवीत असतो. या संदेशात राउटरचे नाव असते, तो कोणत्या वाहिनीवर बोलतो हे असते, त्याचा वेग किती यासंबंधीचा तपशील असतो, आणि त्याच्याशी होणारे बोलणे सांकेतिक लिपीत, म्हणजे पासवर्डाच्या बंदोबस्तात चालणार की उघड, हे सांगणारी एक खूणही असते.

नावासाठी या संदेशात ३२ बाइट, म्हणजे संगणकीय नोंदीची ३२ घरे एवढीच जागा राखून ठेवलेली आहे. रोमन लिपीतील एका अक्षरास एक घर पुरते. देवनागरीतील प्रत्येक चिन्हास, मग ते अक्षर असो, काना असो की अनुस्वार असो, तीन घरे लागतात. 'नांदूरघाट' हे नाव अशा नऊ चिन्हांचे असल्याने २७ घरांत ते नेमके बसते, पण त्यापुढे तालुक्याचे 'केज' हे नाव जोडू गेल्यास जागा अपुरी पडते. राउटरला मराठी नाव देऊ पाहणाऱ्याचे नाव मध्येच तुटते किंवा स्वीकारलेच जात नाही, ते या कारणाने.

दवंडी ऐकण्याच्या दोन पायऱ्या आहेत, हे येथे ध्यानात धरले पाहिजे. लांबून नुसता हलगीचा ठेका ऐकू येतो, तेव्हा काहीतरी पुकारले जात आहे एवढेच समजते. जवळ गेल्यावर शब्द कळतात. वायफायचा माग काढणाऱ्या डब्यांचेही नेमके हेच दोन वर्ग पडतात.

डबीच्या पोटात काय असते

पहिल्या वर्गातील डबीत एक छोटा आकाशक, म्हणजे अँटेना, आणि त्याच्या पाठीमागे लहरीचे रूपांतर एकदिश विजेत करणारा एक स्फटिकी भाग असतो. हा भाग रेडिओशास्त्राइतकाच जुना असून त्याच्या इतिहासात एका भारतीयाचे नाव मानाने घेतले जाते. जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात अतिशय आखूड रेडिओलहरींवर प्रयोग केले, आणि गॅलीना या शिशाच्या खनिजाचा उपयोग करणाऱ्या त्यांच्या शोधकास अमेरिकेचे पेटंट १९०४ साली मिळाले. अर्धवाहक पदार्थाचा असा उपयोग करणाऱ्या उपकरणांत ते अगदी आरंभीचे होय. लहरीचा जोर विशिष्ट मर्यादेपलीकडे गेला की डबीवरील दिवा लागतो. ही रचना स्वस्त व टिकाऊ असली तरी तिला हलगीचा ठेकाच कळतो, शब्द कळत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झच्या याच पट्ट्यात ब्लूटूथचे कर्णयंत्र बोलते आणि मायक्रोवेव्ह भट्टी चालते. त्यामुळे उपाहारगृहाच्या मुदपाकखान्याजवळ दिवा लागला तर तो वायफायमुळे लागला की जेवण गरम होत असल्यामुळे लागला, हे साध्या डबीस सांगता येत नाही.

दुसऱ्या वर्गातील डबीत राउटरचा संदेश वाचू शकणारी वायफायची पूर्ण चकती बसविलेली असते, आणि छोट्या पडद्यावर नाव, जोर, वाहिनी व पासवर्डाची खूण दिसते. केन्सिंग्टन या अमेरिकी कंपनीने २००३ मध्ये बाजारात आणलेला 'वायफाय फाइंडर' हा दिव्यांनी जोर दाखविणारा होता. पुढच्याच वर्षी आलेल्या कॅनरी कंपनीच्या 'हॉटस्पॉटर'ने पडद्यावर तपशील देण्यास आरंभ केला. त्या काळी या वस्तूंना खरा उपयोग होता. त्या वेळी प्रवाशाजवळ असे तो लॅपटॉप; तो पिशवीतून काढावा, सुरू होण्याची काही मिनिटे वाट पाहावी, यादी चाळावी आणि काहीच नाही म्हणून पुन्हा बंद करावा, या खटाटोपात बॅटरीही जाई आणि वेळही. खिशातील डबीने तेच उत्तर काही क्षणांत दिले, तर तिची किंमत वसूल झाली असे म्हणावयास हरकत नव्हती.

डबीस जे उमगत नाही

तथापि प्रवाशास हवे असते ते इंटरनेट, आणि लहर सापडणे ही त्या मार्गावरील केवळ पहिली बाब आहे. तिच्यापुढे आणखी तीन बाबी असतात, आणि त्या तिन्ही ठिकाणी डबी मुकी राहते.

पहिली बाब परतीच्या लहरीची. राउटर विजेच्या तारेवर चालतो, त्याचा आवाज मोठा असतो; मोबाइल मात्र लहानशा बॅटरीवर चालत असल्याने त्याचा आवाज बहुधा त्याहून क्षीण असतो. दवंडी लांबवर ऐकू आली म्हणून आपण तेथूनच मारलेली हाक दवंडीवाल्यास ऐकू जाईलच असे नाही. डबी फक्त ऐकते, बोलून पाहत नाही. म्हणून तिने दाखविलेली लहर दुतर्फा व्यवहारास पुरेशी आहे किंवा नाही, याचा दाखला तिच्याकडून मिळत नाही.

दुसरी बाब परवानगीची, आणि आपल्या देशात हीच सर्वांत महत्त्वाची आहे. राउटरच्या संदेशातील खूण पासवर्ड लागतो की नाही एवढेच सांगते. रेल्वे स्थानकांवरील वायफायचे उदाहरण घ्या. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकापासून रेलटेल व गूगल यांनी ही सोय सुरू केली, आणि पुढे रेलटेलने ती सहा हजारांहून अधिक स्थानकांपर्यंत नेली. या वायफायवर पासवर्डाची खूण नसते. म्हणून उत्तमातील उत्तम डबीदेखील त्यास 'मोकळे' ठरविते. प्रत्यक्षात मोबाइल त्यास जोडला की कोणतेही पान उघडू गेल्यास राउटर ती मागणी अडवितो आणि तिच्या जागी आपले स्वतःचे नोंदणीचे पान दाखवितो. तेथे मोबाइल क्रमांक द्यावा लागतो, त्या क्रमांकावर एसएमएसने ओटीपी येतो, तो भरल्यावर मर्यादित वेळेपुरती मुभा मिळते. येथे एक अडचण अशी की ओटीपी येण्यासाठी मोबाइलला रेंज असावी लागते; म्हणजे ज्या जागी रेंज नसल्यामुळे वायफायची सर्वाधिक गरज भासते, नेमक्या त्याच जागी हे वायफाय उघडत नाही. परदेशातून सुटीवर आलेल्या, भारतीय सिमकार्ड नसलेल्या आप्तांनाही याच जागी खोळंबावे लागते.

तिसरी बाब राउटरच्या पलीकडील मार्गाची. राउटर चालू आहे, लहर खणखणीत आहे, परंतु त्यास इंटरनेट पुरविणारी तार तुटलेली आहे किंवा महिन्याचे पैसे भरलेले नाहीत, अशा वेळीही दवंडी सुरूच राहते, कारण ती देण्यासाठी राउटरला इंटरनेटची गरज नसते. काही वर्षांपूर्वी राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांत मोफत वायफायची सोय बसविण्यात आली होती. त्या यंत्रात आधीच साठविलेले चित्रपट व इतर कार्यक्रम प्रवाशास आपल्या मोबाइलवर पाहता येत, परंतु बाहेरच्या इंटरनेटशी त्याची जोडणी नसे. करमणुकीसाठी ती योजना योग्यच होती. मात्र तिच्या भरवशावर कोणी अर्ज भरू म्हटले असते, तर कमानी पूर्ण भरलेल्या दिसूनही अर्ज जागचा हलला नसता. आरंभी सांगितलेल्या एस.टी. स्थानकावरील कोड्याचे उत्तर या तीन बाबींत आहे.

मोकळी जाळी का नाहीशी झाली

ज्या डब्या पाश्चात्त्य देशांत २००३-०४ मध्ये खपल्या, त्यांचा हेतू पासवर्ड नसलेली जाळी शोधण्याचा होता. महाराष्ट्रात या हेतूस मूठमाती मिळाली ती २००८ साली. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना पाठविलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका परदेशी रहिवाशाच्या घरच्या उघड्या वायफायवरून गेल्याचे तपासात निष्पन्न झाले. त्या रहिवाशाचा त्यात काही हात नव्हता, बाहेरच्याच कोणी त्याचे वायफाय वापरले होते. त्या वर्षीच पुढील ई-मेल मुंबईतील इतरांच्या असुरक्षित वायफायवरून पाठविले गेले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी स्वतःच लॅपटॉप व मोबाइल घेऊन शहरात फिरून उघडी जाळी हुडकण्याची आणि त्यांच्या मालकांना समज देण्याची मोहीम काढली, आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने वायफाय पुरविणाऱ्यांना वापरणाऱ्याची ओळख पटवून घेण्याविषयी सूचना दिल्या. ओटीपीची आजची पद्धत या घटनांच्या पाठोपाठ रूढ झाली.

याची कायद्याची बाजूही प्रवाशाने जाणून घ्यावी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या ४३व्या कलमानुसार मालकाच्या परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकीय जाळ्यात शिरणे हा भरपाईस पात्र ठरणारा कसूर आहे. चुकून उघडे राहिलेले घरगुती वायफाय डबीने दाखवून दिले, म्हणून ते वापरण्याचा हक्क प्राप्त होत नाही. शिवाय ओळखीचे नाव धारण करून कोणी लबाडाने राउटर मांडला असेल, तर डबी त्याचीही दवंडी तितक्याच प्रामाणिकपणे ऐकविते. नाव खरे की खोटे हे तपासण्याचे साधन तिच्यापाशी नाही.

खिशातला शोधक

आता हिशेबाची शेवटची बाजू पाहू. आज ज्यास इंटरनेट हवे आहे त्याच्या हाती बहुधा स्मार्टफोन असतोच, आणि त्या फोनमध्ये दुसऱ्या वर्गातील डबीचे सर्व गुण आधीपासून आहेत. तो संदेश वाचतो, नाव दाखवितो, पासवर्डाची कुलुपाची खूण दाखवितो. आणि पुढे जाऊन स्वतः बोलून पाहतो, नोंदणीचे पान उघडतो, पलीकडे इंटरनेट नसल्यास तसे स्पष्ट सांगतो. जोर अधिक बारकाईने मोजावयाचा असेल तर मोफत मिळणारी ॲप आहेत. त्यांत जोर उणे आकड्यांत दिसतो : एक मिलिवॅट ही शून्याची पातळी धरली, तर उणे ५० म्हणजे मिलिवॅटचा एक लक्षांश, आणि उणे ८० म्हणजे दहा कोटींश. उणे ६५ च्या आसपास काम सुरळीत चालते, उणे ८० च्या खाली गेल्यावर अडखळू लागते. राउटर बसविणाऱ्या कारागिरास या आकड्यांचा रोजचा उपयोग आहे, आणि त्याने चांगले मापनयंत्र बाळगणे योग्यच. प्रवाशास तेवढ्यासाठी वेगळी वस्तू बाळगण्याचे प्रयोजन नाही.

लॉजमधील छुपा कॅमेरा शोधण्यासाठी म्हणून ज्या डब्या आता विकल्या जातात, त्या पुष्कळदा पहिल्या वर्गातील शोधकाच्याच जातीच्या असतात. कॅमेरा चित्र लहरींनी बाहेर पाठवीत असेल तरच त्या त्यास ओळखण्याची शक्यता असते. तो आतल्या मेमरी कार्डावर चित्रण साठवीत असेल तर डबी गप्प राहते, आणि आपलाच मोबाइल जवळ असेल तर विनाकारण वाजते. अशा खोलीत दिवे मालवून विजेरीच्या उजेडात आरसे, घड्याळे, धूरसूचक व विजेची बटणे यांवर भिंगाची चमक दिसते काय, हे डोळ्यांनी तपासणे अधिक भरवशाचे आहे.

> चौकट : थोडक्यात
>
> • साधी डबी २.४ गिगाहर्ट्झची कोणतीही लहर दाखविते. ती वायफायचीच असेल असे नाही.
>
> • पडद्याची डबी नाव व पासवर्डाची खूण वाचते. ओटीपी लागेल काय, आणि पलीकडे इंटरनेट आहे काय, हे तिला कळत नाही.
>
> • स्मार्टफोन हे सारे करतो, शिवाय प्रत्यक्ष जोडून पाहतो.
>
> • परवानगीविना दुसऱ्याचे वायफाय वापरणे कायद्याने कसूर आहे.
>
> • निर्णय : प्रवाशाने शोधक डबी विकत घेऊ नये.

तोच पैसा कोठे लावावा

बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांचा विचार केला, म्हणजे या चर्चेतील खरी गरज कोठे आहे हे स्पष्ट होते. उसाच्या फडालगत उभ्या केलेल्या कोपीत ज्यांचे पाच-सहा महिने जातात, गावी आजी-आजोबांजवळ राहिलेल्या मुलांशी बोलणे हाच ज्यांच्या दिवसाचा विसावा असतो, त्यांच्यापुढील अडचण आसपास वायफाय सापडत नाही ही नसते. कोपीत वीज नसते म्हणून मोबाइल बंद पडतो, आणि जवळ असलेल्या सिमकार्डाची रेंज त्या शिवारात पोहोचत नाही. या दोन्ही अडचणींवर डबी निरुपयोगी आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर मोबाइल डाटा स्वस्त झाला, तेव्हापासून प्रवासातील इंटरनेटचा मुख्य आधार टॉवरच आहे. वायफाय हे त्याचे पूरक साधन उरले आहे.

म्हणून खर्चाची तजवीज पुढीलप्रमाणे करावी. प्रथम चांगली पॉवर बँक घ्यावी, कारण बॅटरीविना बाकी सर्व साधने व्यर्थ होत. नंतर मोबाइलमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड घालावे. मात्र ते कोणत्या कंपनीचे, हे निघण्यापूर्वी मुकादमास, किंवा त्या मुलखात आधी राहून आलेल्या गावकऱ्यास विचारून ठरवावे, कारण कोणत्या शिवारात कोणाचा टॉवर पकडतो याची त्यांच्याइतकी खात्रीची माहिती कोणत्याही यंत्रात मिळणार नाही. दोन-तीन माणसांच्या कुटुंबात एकाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट इतरांस पुरतो, तेव्हा प्रत्येकाने स्वतंत्र मोठा रिचार्ज करण्याचे कारण नाही. शिधापत्रिका, आधार, मुलांचे शाळेचे दाखले व इतर दस्तऐवज घरच्या चांगल्या रेंजमध्ये असतानाच मोबाइलवर उतरवून ठेवावेत, आणि प्रवासाच्या मार्गाचा नकाशाही तसाच साठवून घ्यावा, म्हणजे वाटेत इंटरनेट नसले तरी काम अडत नाही.

सार्वजनिक वायफाय वाढावे अशी इच्छा मात्र प्रत्येक नागरिकाने बाळगली पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत लहानशा दुकानदारालाही परवाना न घेता व शुल्क न देता वायफाय पुरविता येते, आणि एकदा नोंदणी केलेल्या ग्राहकास ॲपमधून जवळचे केंद्र सापडते. ज्या गावांत टॉवरची रेंज दुबळी आहे, त्या गावांच्या बाजारपेठेत अशी केंद्रे उभी राहिली आणि त्यांच्यामागे ग्रामपंचायतीपर्यंत येणारी भारतनेटची तार नीट चालू राहिली, तर विद्यार्थ्यांची व मजुरांची मोठी सोय होईल. लहर शोधण्याचे शास्त्र शंभराहून अधिक वर्षे जुने आणि पुरेसे पक्के आहे. उणीव आहे ती लहरीच्या मागे अखंड चालणाऱ्या जोडणीची. ती उणीव भरून काढण्याची मागणी ग्रामसभेत नोंदवावी आणि तिचा पाठपुरावा करावा. त्यासाठी खर्च होणारा वेळ सत्कारणी लागेल, आणि डबीचे वाचलेले पैसे पॉवर बँकेच्या कामी येतील.